कापसाची रजई

दोन कापडांच्या मध्ये पिंजलेला कापूस सारख्या जाडीत पसरून आणि तो टाक्यांनी जागच्या जागी धरून तयार केलेल्या जाड पांघरुणाला रजई म्हणतात. उत्तर व मध्य भारतात सर्वत्र वापरले जाणारे हे पांघरूण वऱ्हाडात, म्हणजे अमरावती, अकोला, बुलढाणा, वाशीम व यवतमाळ या जिल्ह्यांत, विशेष रुजले आहे. हा प्रदेशच कापसाचा असल्याने भरण दाराशी मिळत असे आणि ते पिंजून देणारे कारागीरही गावोगाव होते. अलीकडे बाजारात पॉलिस्टर तंतूंच्या आणि काही प्रमाणात हंस-बदकांच्या पिसांच्या रजया मिळू लागल्यामुळे कोणती रजई घ्यावी हा प्रश्न वऱ्हाडातील कुटुंबांपुढेही उभा राहिला आहे. त्याचे उत्तर रजईच्या वजनावरून किंवा किमतीवरून मिळत नाही. रजईत हवा किती मावते आणि ती किती वर्षे टिकते, यावर ते अवलंबून असते.

नावे आणि भेद

मराठीत पांघरुणांसाठी पुष्कळ शब्द आहेत आणि बोलताना ते एकमेकांच्या जागी वापरले जातात. परंतु त्यांत फरक आहे. दुलई म्हणजे थोडा कापूस घातलेले हलके पांघरूण. रजईत कापूस अधिक असतो. लेप हा जुना शब्द कापूस भरलेल्या जाड पांघरुणासाठी वापरला जाई. गोधडी किंवा वाकळ यांत कापूस नसतो. जुनी लुगडी, धोतरे व इतर कापडे एकावर एक ठेवून ती दाट धावदोऱ्याने शिवलेली असतात. दोहर तर केवळ कापडाच्या थरांची. घोंगडी ही मेंढीच्या लोकरीची असून ती विणलेली असते, भरलेली नसते.

गोधडी हे गरिबाघरचे पांघरूण आणि रजई हे जरा बऱ्या परिस्थितीतल्या घरचे, असा भेद वऱ्हाडातही होता. अमरावती जिल्ह्यातील शेणगाव येथे १८७६ मध्ये जन्मलेले संत गाडगे महाराज अंगावर चिंध्या जोडून केलेले वस्त्र वापरीत, त्यामुळे त्यांना लोक गोधडे बुवा किंवा चिंधे बुवा असेही म्हणत. त्या वस्त्रामागील संदेश त्या काळच्या श्रोत्यांना सांगावा लागत नसे, कारण गोधडी कोणाच्या घरात असते हे सर्वांना ठाऊक होते.

मोर्शीची थंडी

मोर्शी हे अमरावती जिल्ह्यातील तालुक्याचे गाव सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेले आहे. शेजारच्या वरुड तालुक्यासह हा भाग संत्र्यांच्या बागांसाठी प्रसिद्ध असून वर्धा नदीवरील अप्पर वर्धा धरण मोर्शी तालुक्यातच सिंभोरा येथे आहे. येथील उन्हाळ्याची ख्याती मोठी असल्याने हिवाळ्याकडे दुर्लक्ष होते. परंतु डिसेंबर व जानेवारीत उत्तरेकडून कोरडे वारे वाहू लागले की पहाटेचे तापमान १० अंश सेल्सिअसच्या आसपास किंवा त्याखाली उतरते. विदर्भातील थंडी किती खाली जाऊ शकते याचे अलीकडचे उदाहरण म्हणजे २९ डिसेंबर २०१८ रोजी नागपूर येथे नोंदवले गेलेले ३.५ अंश सेल्सिअस इतके किमान तापमान.

रजईच्या निवडीच्या दृष्टीने या थंडीची दोन वैशिष्ट्ये लक्षात घ्यावी लागतात. पहिले म्हणजे दिवस आणि रात्र यांतील अंतर. दुपारी उन्हाचा चटका बसतो, रात्री दहाला साधी चादर पुरते आणि पहाटे चारला रजईही अपुरी वाटते. एकाच रात्रीत एवढा फरक पडत असल्याने एकच अतिशय जाड पांघरूण घेतले तर पूर्वरात्री घाम येतो, तो कापसात मुरतो आणि पहाटे तोच ओलावा थंडी वाढवतो. दुसरे वैशिष्ट्य घरांचे. येथील घरे हिवाळ्यात तापवली जात नाहीत. जाड मातीच्या भिंती व कवेलूंचे छप्पर असलेले जुने घर, सिमेंटच्या स्लॅबचे घर आणि टिनपत्र्याचे घर यांत रात्रीचा अनुभव सारखा नसतो. टिनपत्रा निरभ्र आकाशाखाली झपाट्याने थंड होतो, आणि त्याखाली झोपणाऱ्याला शेजारच्या मातीच्या घरातल्या माणसापेक्षा अधिक जाड पांघरूण लागते.

ऊब कशी मिळते

रजई स्वतः उष्णता निर्माण करीत नाही. झोपलेल्या माणसाच्या शरीरातून बाहेर पडणारी उष्णता ती अडवून धरते, आणि हे काम कापसापेक्षा कापसात अडकलेली स्थिर हवा करते. स्थिर हवेची उष्णतावाहकता एक मीटर जाडीला व एक अंश फरकाला सुमारे ०.०२६ वॅट इतकी कमी आहे. मोकळी हवा मात्र वाहते आणि वाहताना उष्णता घेऊन जाते. तंतूंचे काम हवेला लहान लहान कप्प्यांत थोपवून धरण्याचे आहे.

एका साध्या हिशेबाने हे स्पष्ट होते. दीड मीटर रुंद आणि सव्वादोन मीटर लांब रजईत दोन किलो कापूस भरला आणि तो नुकताच पिंजलेला असल्याने रजई चार सेंटीमीटर फुलली, असे समजू. तिचे आकारमान १३५ लिटर होईल. कापसाच्या तंतूची घनता दर घनसेंटीमीटरला सुमारे १.५४ ग्रॅम असते, म्हणून दोन किलो तंतूंनी प्रत्यक्षात व्यापलेली जागा जेमतेम १.३ लिटर भरते. उरलेली ९९ टक्के जागा हवेची. हीच रजई काही हिवाळे वापरून, दबून एक सेंटीमीटर जाडीची झाली तर तिचे वजन तेवढेच राहते, कापूस तेवढाच राहतो, पण उष्णतेला होणारा विरोध साधारण चौथ्या हिश्श्यावर येतो. जुनी रजई जड असूनही थंड का लागते, याचे कारण एवढेच आहे. अशा वेळी वरून दुसरी जड रजई घातल्यास खालची आणखी दबते, आणि अपेक्षेइतकी ऊब वाढत नाही.

पाश्चात्त्य देशांत पांघरुणाचा हा विरोध ‘टॉग’ या एककात छापलेला असतो. भरणाची उष्णतावाहकता ०.०४ धरली तर वरील ताजी रजई सुमारे १० टॉगची आणि दबलेली रजई अडीच टॉगची ठरते. ब्रिटनमध्ये उन्हाळ्यासाठी साडेचार टॉगच्या आसपासची आणि हिवाळ्यासाठी साडेतेरा टॉगपर्यंतची पांघरुणे विकली जातात. तेथील घरे तापवलेली असतात, त्यामुळे हे आकडे वऱ्हाडातील घरांना जसेच्या तसे लावता येत नाहीत; पण दोन पांघरुणांची तुलना करण्यास ते उपयोगी आहेत.

जमिनीवर झोपणाऱ्यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट सहसा सुटते. अंगाखालची गादी वजनाने दबलेली असते आणि थंड फरशी खालून उष्णता ओढून घेते. वरची रजई कितीही चांगली असली तरी ही वाट ती बंद करू शकत नाही. फरशीवर चटई किंवा सतरंजी, तीवर गादी आणि गादीवर जुनी गोधडी असा थर केला तर वरच्या रजईतील अर्धा किलो कापूस वाचतो, असे म्हटले तरी चालेल.

कोणता कापूस

वऱ्हाडातील कापसाचा इतिहास जगाच्या बाजारपेठेशी जोडलेला आहे. उमरावती या अमरावतीच्या जुन्या नावावरून येथील कापूस ‘उमरा’ या नावाने परदेशात ओळखला जाई. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला, तेव्हा त्याची मागणी प्रचंड वाढली. पुढे १८७० मध्ये खामगावला रेल्वे आली तीही कापसासाठीच. गिरण्यांच्या दृष्टीने मात्र हा आखूड धाग्याचा व जाडाभरडा कापूस होता, आणि तो सुधारण्याचे प्रयत्न दीर्घकाळ चालले.

गिरणीने ज्या गुणांना दोष मानले, तेच रजईला हवे असतात. देशी कापसाचा तंतू आखूड, जाड आणि ताठर असतो. दाबल्यावर तो पुन्हा वर उसळतो, त्यामुळे त्यात हवा टिकते. अमेरिकी जातीचा लांब धाग्याचा कापूस मऊ व बारीक असतो. तो हाताला छान लागतो, सुताला उत्तम असतो, परंतु रजईत भरल्यावर लवकर चपटा होतो. गादी, रजई आणि वैद्यकीय उपयोगाचा शोषक कापूस यांसाठी देशी कापसाला आजही मागणी असते.

अडचण अशी की तो आता सहज मिळत नाही. भारतात २००२ मध्ये बीटी कापसाच्या लागवडीस परवानगी मिळाली आणि पुढील दशकभरात देशातील कापसाच्या क्षेत्रापैकी ९० टक्क्यांहून अधिक क्षेत्र बीटी संकरित वाणांखाली गेले. हे वाण अमेरिकी जातीचे आहेत. अकोला येथील डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने (स्थापना १९६९) एकेए-७ व एकेए-८४०१ यांसारखे देशी वाण विकसित केले आहेत, परंतु शेतकरी कापूस विकतो तो गिरणीच्या भावाने, रजईच्या नव्हे. मोर्शी-वरुड भागात तर ओलिताच्या जमिनीवर संत्र्याने कापसाची जागा घेतली. पूर्वी घरच्या शेतातला कापूस लेकीच्या लग्नाच्या रजईसाठी बाजूला ठेवला जाई. आता सरकीसह सगळा कापूस जिनिंगमध्ये जातो आणि रजईचे भरण दुकानातून विकत आणले जाते. कापसाच्या प्रदेशात कापूस विकत घेण्याची ही वेळ कोणा एकाच्या चुकीने आलेली नाही, पण ती विचित्र आहे हे मान्य करावे लागते.

दुकानातील भरण तीन प्रकारचे असते. जिनिंगमधून आलेली स्वच्छ रुई सर्वांत चांगली. दुसरा प्रकार सूतगिरणीतील टाकाऊ कापसाचा. यात तंतू फार आखूड झालेले असतात, त्यामुळे रजई नवी असताना फुललेली दिसते आणि एका हिवाळ्यात तिचे गोळे होतात. तिसरा प्रकार जुने कपडे फाडून केलेल्या भरणाचा. त्यात रंगीत तुकडे व कृत्रिम धागे मिसळलेले असतात. शिवलेल्या तयार रजईत यांतील काय भरले आहे हे दिसत नाही, म्हणून भरण डोळ्यांसमोर तोलून घेऊन रजई भरवून घेण्याची जुनी रीत अधिक भरवशाची आहे. चिमूटभर भरण घेऊन दोन्ही हातांनी हळू ओढावे; चांगल्या रुईचे तंतू एकमेकांना धरून ओढले जातात, टाकाऊ भरण धुळीसारखे सुटते. शंका असल्यास थोडे भरण मोकळ्या जागी जाळून पाहावे. कापूस कागदासारखा जळून मऊ राख उरते, पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो.

पिंजारी आणि पिंजण

दबलेल्या कापसात पुन्हा हवा भरण्याचे काम पिंजाऱ्याचे. पिंजारी किंवा नदाफ या नावांनी ओळखला जाणारा, बहुतांशी मुस्लिम कारागिरांचा हा समाज महाराष्ट्रभर आहे; मन्सुरी हे नावही प्रचलित आहे. त्यांचे मुख्य साधन म्हणजे पिंजण. धनुष्यासारख्या लाकडी दांड्याला आतड्याची तात ताणून बांधलेली असते. तात कापसात धरून तिच्यावर लाकडी ठोकळ्याने आघात केला की ती कंप पावते, गुंतलेले तंतू सुटे होतात, धूळ व सरकीचे कण खाली गळतात आणि कापूस ढगासारखा उसळून पडतो. हिवाळ्याच्या तोंडावर गल्लीतून फिरणाऱ्या पिंजाऱ्याच्या तातेचा टणत्कार ही पूर्वी ऋतूची खूण होती.

आता हे काम बहुधा विजेवर चालणाऱ्या यंत्रांवर होते. दातेरी रुळांमधून कापूस काही मिनिटांत पिंजून निघतो. यंत्र वेगवान आहे, परंतु तात तंतूंना मोकळे करते तर दाते त्यांतील काही तोडतात. त्यामुळे तोच कापूस यंत्रावर वारंवार पिंजल्यास तो दर वेळी आखूड होत जातो. जुन्या कापसात चौथा-पाचवा हिस्सा नवी रुई मिसळून पिंजल्यास हे नुकसान भरून निघते, आणि अनुभवी कारागीर तसे सुचवतातही. यंत्राजवळ उडणारी कापसाची धूळ ही मात्र गंभीर बाब आहे. कापसाच्या धुळीत वर्षानुवर्षे काम करणाऱ्यांना बिसिनोसिस हा श्वसनाचा विकार होऊ शकतो. छाती आवळल्यासारखी वाटणे हे त्याचे सुरुवातीचे लक्षण. नाकातोंडाला बांधलेला रुमाल या धुळीला पुरेसा अडवत नाही. घरची रजई पिंजायला दिली असता लहान मुलांना व दम्याच्या रुग्णांना तेथून दूर ठेवावे.

पिसांची रजई

थंड देशांतील उंची पांघरुणांत ‘डाऊन’ भरलेले असते. हंस व बदकांच्या छातीवरील पिसांच्या खाली जी मऊ लव असते, तिला डाऊन म्हणतात. तिला पिसासारखा कणा नसतो. एका बिंदूतून सर्व दिशांना पसरलेले सूक्ष्म धागे असतात, त्यामुळे ती अत्यल्प वजनात फार मोठी जागा व्यापते. तिची प्रत ‘फिल पॉवर’ या आकड्याने दाखवतात: एक औंस डाऊन किती घनइंच जागा व्यापते, तो हा आकडा. ६०० फिल पॉवर म्हणजे दर ग्रॅमला सुमारे ३४७ घनसेंटीमीटर. वर उल्लेखलेली १३५ लिटरची रजई अशा डाऊनने भरायची तर सुमारे ४०० ग्रॅम पुरतात. कापूस दोन किलो लागला होता. म्हातारपणी अंगावर वजन सोसत नाही किंवा सांधे दुखतात, अशांना हा फरक मोलाचा वाटू शकतो.

डाऊन घेताना वेष्टनावरील शब्द नीट वाचावेत. ‘फेदर’ म्हणजे साधे पीस. ते स्वस्त, जड आणि टोचणारे असते. डाऊन व फेदर यांचे मिश्रण विकले जाते आणि त्यातील प्रमाण टक्क्यांत दिलेले असते. बाहेरचे कापड अतिशय घट्ट विणीचे हवे, नाहीतर लव बाहेर येते. आत उभ्या पट्ट्या घालून चौकोनी कप्पे केलेले असावेत. दोन्ही कापडे थेट एकत्र शिवली तर टाक्याच्या रेषेवर जाडी शून्य होऊन तेथून थंडी शिरते. डाऊनचे बहुतांश उत्पादन मांसासाठी पाळलेल्या पक्ष्यांपासून जोडउत्पादन म्हणून होते. जिवंत पक्ष्यांची लव उपटण्याच्या प्रथेवर मोठी टीका झाल्यानंतर तसे न केल्याची हमी देणारी प्रमाणपत्रे आली. शाकाहारी कुटुंबांत हा प्रश्न बहुधा पहिल्यांदाच उपस्थित होतो, आणि तेथेच मिटतो.

मोर्शीसारख्या ठिकाणी डाऊनची खरी मर्यादा वेगळी आहे. ओली झाली की ती गोळा होते आणि तिची ऊब जवळजवळ नाहीशी होते. वर्षातील आठ-नऊ महिने ती कपाटात राहणार, त्यांत चार महिने पावसाळ्याचे. नीट न सुकलेल्या डाऊनला वास येतो, बुरशी लागू शकते. ती धुण्यासाठी मोठे यंत्र आणि सावकाश सुकवण्याची सोय लागते. कापूस बिघडला तर गावात पिंजून मिळतो. डाऊन बिघडली तर तालुक्याच्या ठिकाणी ती दुरुस्त करणारा कोणी नसतो.

पॉलिस्टर आणि सावर

पॉलिस्टरच्या पोकळ तंतूंची रजई हलकी, घरच्या यंत्रात धुता येणारी व स्वस्त असते. वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी ती सोयीची ठरते. तिचे भरण दर चौरस मीटरला किती ग्रॅम, या हिशेबाने सांगतात. वरील आकाराच्या रजईत २०० ग्रॅमचे भरण म्हणजे एकूण सुमारे पावणेसातशे ग्रॅम. पॉलिस्टर ओलावा जवळजवळ शोषत नाही. प्रमाणित हवेत कापूस स्वतःच्या वजनाच्या सुमारे ८ टक्के ओलावा धरतो, पॉलिस्टर अर्ध्या टक्क्याहूनही कमी. त्यामुळे पॉलिस्टर लवकर वाळते, परंतु त्याखाली अंग चिकट वाटते. शेकोटीची ठिणगी पडल्यास ते वितळून त्वचेला चिकटते. कापूस धुमसत पेटतो, तोही सुरक्षित नव्हेच.

सातपुड्याच्या जंगलात वाढणाऱ्या सावरीच्या बोंडातील कापूस फार हलका असतो. तो उशांसाठी उत्तम. तंतू ठिसूळ असल्याने रजईत मात्र त्याचा भुगा होतो.

निवडताना

या परिसरात बहुतेक कुटुंबांना एका जाड रजईपेक्षा दोन पातळ पांघरुणे अधिक उपयोगी पडतात: माणशी सव्वा ते दीड किलो कापसाची रजई आणि वर घेण्यासाठी दोहर किंवा गोधडी. पूर्वरात्री एक पुरते, पहाटे दुसरे ओढून घेता येते. जयपुरी रजया याहूनही कमी कापसात भरतात, आणि बारीक पिंजलेला कापूस व मऊ मलमल यांमुळे त्या पुरेशा उबदार लागतात. टिनपत्र्याच्या घरात राहणाऱ्यांनी दोन किलोपर्यंत जावे. खोळीचे कापड सुती असावे; सॅटिनसारखे गुळगुळीत कृत्रिम कापड दिसायला छान पण ते अंगावरून घसरते. टाके एकमेकांपासून वीतभर अंतरावर असावेत. फार विरळ टाक्यांत कापूस सरकून कोपऱ्यात जमतो, फार दाट टाक्यांत तो फुलत नाही.

एक वर्षाखालील बाळांवर कोणतीही भरलेली रजई घालू नये. ती तोंडावर सरकल्यास श्वास कोंडू शकतो. बाळासाठी अंगाला नीट बसणारे उबदार कपडे अधिक सुरक्षित आहेत. घरोघरी शिवले जाणारे दुपटे गुंडाळायचे असल्यास ते सैल सुटून तोंडावर येणार नाही हे पाहावे. तसेच रजई कमी पडते म्हणून बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपणे प्राणघातक ठरू शकते, कारण तिच्यातून कार्बन मोनॉक्साइड हा गंधहीन विषारी वायू निघतो.

निगा

माणसाच्या त्वचेतून व श्वासातून घाम न येताही दिवसाला साधारण ६०० ते ८०० मिलिलिटर पाणी बाहेर पडते, आणि रात्रीच्या हिश्श्यातील काही भाग पांघरुणात मुरतो. म्हणून सकाळी रजई लगेच घडी करून ठेवू नये. तासभर पसरून ठेवावी आणि आठवड्यातून एकदा उन्हात टाकावी. उन्हाने ओलावा जातो आणि कापूस थोडा फुलतो. घरातील धुळीत राहणारे सूक्ष्म कोळीकीटक ओलाव्यावरच जगतात, त्यामुळे कोरडेपणा त्यांनाही मारक ठरतो. काठीने बडवल्यास धूळ निघते, पण जोरात बडवल्यास टाके तुटतात.

कापसाची रजई पाण्यात बुडवून धुऊ नये. तिच्यावर काढता येणारी खोळ घालून खोळच धुवावी. साधारण तीन ते पाच हिवाळ्यांनी, किंवा हाताने दाबल्यावर रजई पुन्हा वर येईनाशी झाली की, ती उसवून कापूस पिंजून घ्यावा. फेब्रुवारीच्या शेवटी कडक उन्हात दोन दिवस वाळवून, सुती कापडात बांधून ती उंचावर ठेवावी. प्लॅस्टिकच्या पिशवीत आत राहिलेला ओलावा बाहेर पडत नाही, आणि पोळ्यापर्यंत रजईला कुबट वास येऊ लागतो. घडीत कडुलिंबाचा वाळलेला पाला ठेवण्याची पद्धत आहे. उंदीर मात्र त्याला जुमानत नाहीत, त्यासाठी झाकणाची लोखंडी पेटीच हवी.